आमटीपर्यंत पोचलो, जिलबी राहिली

ठाण्यातल्या कचराळी तलावाला सकाळी फेऱ्या मारायला जाणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सगळे ज्या दिशेने फिरतात त्याच दिशेने आपणही फिरावं. उलट्या दिशेने निघालात, की प्रत्येक ओळखीचा माणूस एका फेरीत दोनदा समोर येतो. पहिल्यांदा हसून हात करता येतो. दुसऱ्यांदा 'अजून चालू का?' म्हणता येतं. तिसऱ्यांदा काय करायचं, याचं उत्तर पन्नाशी उलटली तरी मला सापडलेलं नाही. सरळ दिशेने चाललं, की पुढचा पुढे राहतो आणि मागचा मागे. वेग तेवढा बेताचा ठेवायचा, कोणाला गाठायचं नाही आणि कोणाला गाठू द्यायचं नाही. महापालिकेच्या इमारतीकडे बघत बघत हे गणित मी दोन-तीन सकाळींत सोडवलं. तेव्हा झालेला आनंद दहावीच्या भूमितीनेही दिला नव्हता.

बायको उलट्या दिशेने चालते. मुद्दाम. "सगळे भेटतात," म्हणते. तिला एका फेरीला माझ्या दुप्पट वेळ लागतो. घरी येते ती दोन आमंत्रणं, कोणाच्या तरी भाचीसाठी एक स्थळ आणि पाचपाखाडीत आंबा कुठे चांगला आलाय ही बातमी घेऊन. मी घरी येतो तो चार किलोमीटर घेऊन.

आमच्या भाषेत गप्प माणसासाठी शब्दांची चंगळ आहे. घुम्या, मुखदुर्बळ, एकलकोंडा, तुसडा, माणूसघाणा, शिष्ट. हे बहुतेक सगळे मला लागून झाले, आणि तेही वयाच्या क्रमाने. बालवाडीत 'लाजाळू' होतो, तेव्हा ते कौतुकाने म्हणत. सातवी-आठवीत 'घुम्या' झालो. कॉलेजात 'एकलकोंडा'. पुढे नोकरी लागली, बरा पगार हातात यायला लागला आणि एका रात्रीत 'शिष्ट' झालो. स्वभाव होता तोच होता, पगार तेवढा वाढला होता.

या 'शिष्ट'ची गंमत बघा. मुळात शिष्ट म्हणजे चांगल्या वळणाचा, शिकवलेला माणूस. शिष्टाचार त्याच्यावरूनच आला. बोलीत मात्र शिष्ट म्हणजे आपल्याशी मुद्दाम न बोलणारा. म्हणजे माझं गप्प बसणं हे माझ्याबद्दल काही सांगत नाही, ते समोरच्याबद्दलचं माझं मत ठरतं. लग्नात कोपऱ्यात उभा राहिलो की यजमानांना वाटतं, जेवण आवडलेलं दिसत नाही. लिफ्टमध्ये मजल्याच्या आकड्यांकडे बघत राहिलो की चौदाव्या मजल्यावरच्यांना वाटतं, पार्किंगच्या भांडणाचा राग अजून आहे. (राग नव्हता. भांडण झालं होतं हेच मला नंतर कळलं, बायकोकडून.) बोलक्या माणसांनाही शब्द आहेत, पण गप्पिष्ट काय किंवा बोलघेवडा काय, ते लाडाने म्हटल्यासारखेच वाटतात. खरी टोचणारी अशी 'तोंडाळ' एवढी एकच शिवी, आणि तीही बहुधा बायकांसाठी राखून ठेवलेली.

आमची आत्या मला बघितलं की हटकून म्हणायची, "बोलणाऱ्याचे कुळीथ विकले जातात बाबा, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात." लहानपणी मला यातलं दुःख कळायचं नाही. गहू पडून राहिले तर घरी खायला होतील की.

हे सगळं आठवायला कारण झालं ते मोठ्या काकांचं सहस्रचंद्रदर्शन. काकांना एक्याऐंशीवं वर्ष लागलं आणि चुलत भावंडांनी घोडबंदर रोडवरचा एक बँक्वेट हॉल घेतला. हॉल झकास होता. दारात गुलाबपाणी, आत गार सरबतं, भिंतीवर काकांचे जुने फोटो सरकत होते आणि माइक हातात घेतलेली एक हसरी मुलगी होती. तिला कार्यक्रम चालवायला पैसे देऊन बोलावलं होतं. ती काकांना पहिल्यांदाच बघत होती, तरी आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त आपुलकीने बोलत होती. पहिला अर्धा तास मी ओळखीच्या सगळ्यांना 'कसं काय' विचारून संपवला. आता साडेतीन तास उरले होते.

मग ती मुलगी माइक घेऊन टेबलाटेबलांशी फिरायला लागली. काकांविषयी दोन शब्द. तिसऱ्या टेबलाशी मी होतो. काकांविषयी माझ्याकडे दोन शब्द नाहीत, दोन वह्या भरतील एवढं आहे. पण माइक तोंडाशी आला आणि मी म्हणालो, "काका... नमस्कार." लोक हसले, त्यांना वाटलं विनोद आहे. व्यासपीठावर खुर्चीत बसलेल्या काकांनी मात्र मान किंचित हलवली, जणू भाषण पोचलं.

यानंतर मी जे केलं ते आजवर प्रत्येक समारंभात करत आलोय. काम शोधायला निघालो. एका टेबलावरचा पाण्याचा जग रिकामा दिसला, तो उचलला. दोन पावलं गेलो नाही तोच काळ्या जाकिटातला एक पोरगा धावत आला. "सर, सर, आम्ही आहोत ना. तुम्ही बसा." मी जग दिला. मग पानाच्या टेबलावर विडे लावून ठेवावेत म्हणून गेलो, तिथेही एक जण होता. अहेराची पाकिटं लिहून घ्यावीत, तर पत्रिकेतच 'अहेर आणू नये' छापलेलं. शेवटी बुफेच्या रांगेत उभा राहिलो, कारण रांगेत माणसाचं तोंड पुढच्याच्या पाठीकडे असतं.

"सर, तुम्ही बसा" हे वाक्य मला त्या दिवशी फार लागलं.

कारण मला समारंभांचा कंटाळा कधीच नव्हता. नौपाड्यात आमचं लहानपण गेलं. तेव्हा घरातली लग्नं-मुंजी जवळच्याच मंगल कार्यालयात व्हायच्या आणि पंगती बसायच्या. स्वयंपाक आचाऱ्यांचा, पण वाढायला घरची पोरं. त्या पंगतीचे सेनापती आमचे मोठे काका. काका माझ्याहूनही कमी बोलायचे. धोतराचा सोगा खोचून दाराशी उभे राहायचे आणि बोटांनी पंगत चालवायचे. एक बोट म्हणजे पाणी. दोन म्हणजे भात फिरवा. हाताचा पंजा आडवा हलला की थांबा, अजून श्लोक संपलेला नाही.

वाढप्यांत चढती भाजणी असायची. आठ-नऊ वर्षांच्या पोराला मीठ. पानाच्या वरच्या बाजूला मधोमध चिमूटभर मीठ, मग त्याच्या डावीकडे लिंबाची फोड. चटणी-कोशिंबीर जरा मोठ्या पोरांकडे, कारण पळीचा अंदाज लागतो. मीठ वाढणाऱ्याला अख्खा हॉल वाकून चालावा लागतो, कोणाच्या चेहऱ्याकडे बघायची गरज नसते, नुसती पानं दिसतात. दोनशे माणसांच्या मधून मी असा दोनशे वेळा गेलो असेन, एक अक्षर न बोलता, आणि कोणीही मला घुम्या म्हणालं नाही. उलट एखादी आजी म्हणायची, "कोणाचा रे तू? किती व्यवस्थित वाढतोस." उत्तर द्यायची गरज नव्हती, पुढचं पान वाट बघत असायचं.

मिठावरून बढती पाण्याला. पाण्यावरून पोळ्यांना. मिसरूड फुटलं की आमटी. पितळी बादली, उकळती आमटी, आणि लांब दांड्याची पळी. द्रोण हलतो, त्यात बरोबर मधे सोडायची, शिंतोडा उडाला तर शालू जातो. जबाबदारीचं काम. आमटीवाल्याशी कोणी गप्पा मारत नाही, मारूच नयेत. लोक नुसता हात आडवा धरतात किंवा मान हलवतात. त्या खाणाखुणांची एक स्वतंत्र भाषा होती आणि ती मला अस्खलित यायची.

सगळ्यांत वरची जागा जिलबीची. जिलबी हे बोलणाऱ्याचं खातं. तिथे नुसतं वाढून भागत नाही, आग्रह करावा लागतो. "घ्या हो, एका जिलबीने काय होतंय, वहिनी, तुम्ही सांगा यांना," असं म्हणत ताटातल्या चार जिलब्या नको म्हणणाऱ्याच्या पानात उतरवायच्या आणि तो ओरडला की हसत पुढे जायचं. माझा धाकटा भाऊ पंधराव्या वर्षी थेट जिलबीला लागला. मी आमटीपर्यंत पोचलो, जिलबीपर्यंत काही पोचलो नाही. काकांनी मला कधी ताट दिलं नाही आणि मी मागितलंही नाही. आज विचार करतो तेव्हा वाटतं, त्या माणसाने कधी कोणाला 'तू असा का' म्हणून विचारलं नाही. कोण बोलका, कोण अबोल हे त्याने पोरं मीठ वाढायची तेव्हाच बघून ठेवलेलं असायचं, आणि ज्याला जे झेपेल ते भांडं त्याच्या हातात यायचं.

बुफे आला आणि आमचं खातंच बंद झालं. सगळे पाहुणे झाले. आणि पाहुण्याला काम एकच, बोलणं.

बारावीत मानसशास्त्र घेतलेली मुलगी मला यावर तयार उत्तर देते. "बाबा, तुम्ही इंट्रोव्हर्ट आहात. सिंपल." हे सिंपल तसं फार जुनंही नाही. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही विभागणी कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९२१ साली सविस्तर मांडली. त्याचा मुद्दा बडबडीचा नव्हताच. मनाची ओढ कुठे आहे, बाहेरच्या माणसांकडे आणि गोष्टींकडे, की आत चाललेल्या विचारांकडे, असा होता. शुद्ध अंतर्मुख किंवा शुद्ध बहिर्मुख असं कोणी नसतं, हेही त्यानेच सांगून ठेवलंय, पण ते कोणी लक्षात ठेवत नाही. पुढे १९६७ साली लंडनच्या हान्स आयझेंकने त्याला शरीराचं कारण जोडलं. त्याच्या मते अंतर्मुखाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, त्यामुळे थोड्या गर्दीने, थोड्या आवाजाने त्याचा पेला भरतो. बहिर्मुखाच्या मेंदूला जागं राहायला बाहेरून रसद लागते. नंतरच्या अभ्यासांत हे इतकं सरळ निघालं नाही. स्वस्थ बसलेलं असताना दोघांत फरक दर वेळी सापडत नाही, डिवचल्यावर तो जास्त दिसतो. हे मला लगेच पटलं. स्वस्थ बसलेले असताना मी आणि बायको सोफ्यावर अगदी सारखे दिसतो. फरक दाराची बेल वाजल्यावर कळतो. तिचे पाय दाराकडे वळतात, माझे आतल्या खोलीकडे.

आयझेंकचा एक लिंबाचा प्रयोगही आहे, आणि तो आमच्या स्वयंपाकघरात झाला. कान साफ करायची दोन्हीकडे कापूस लावलेली काडी घ्यायची, मधोमध दोरा बांधायचा. एक टोक वीस सेकंद जिभेवर ठेवायचं. मग जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकायचे आणि दुसरं टोक तितकाच वेळ ठेवायचं. काडी दोऱ्याने लटकवायची. लिंबाने जितकी लाळ जास्त सुटली तितकं ते टोक जड होऊन खाली झुकणार. अंतर्मुखाची काडी जास्त झुकायला हवी, असा सिद्धांत.

माझी काडी समतल राहिली. दोनदा केलं, दोनदा समतल. बायकोची धपकन झुकली. मुलीचा चेहरा पडला, बायको विजयी झाली आणि तिने लगेच तीन मैत्रिणींना फोन करून आपण अंतर्मुख असल्याचं कळवलं. लहानपणी इतक्या लिंबाच्या फोडी वाढल्या, माझी जीभ निर्ढावली असेल.

आता कोणी म्हणेल, हा नुसता बुजरेपणा आहे. तसं नाही. बुजऱ्याला लोकांत जायचं असतं, पण लोक काय म्हणतील याची धास्ती असते. ऑफिसात दोनशे जणांसमोर मी वर्षाचा हिशेब मांडतो, घशाला कोरड पडत नाही. हिशेब संपल्यावर जो चहा असतो तो मला जड जातो.

ऑफिसचा विषय निघाला म्हणून लोकलचं सांगितलं पाहिजे. गेली अठरा वर्षं मी ठाण्याहूनच सुटणारी स्लो पकडतो. प्रवासी रेल्वेचा हा देशातला पहिला मार्ग. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, १४ डब्यांत ४०० पाहुणे बसले होते. डब्याला तीस माणसंसुद्धा नाहीत! आणि सगळे निमंत्रित, म्हणजे एकमेकांशी बोलणं आलंच असणार. आमच्या डब्यात आता तिघांच्या बाकावर चौथा बसतो. 'चारचौघांत कसं वागावं' असं आपण म्हणतो ना, ते चारचौघे म्हणजे लोकलचं एक बाक, अशी माझी समजूत आहे.

आमचा ग्रुप आठ जणांचा. भांडुपपर्यंत राजकारण, घाटकोपरपर्यंत क्रिकेट, पुढे एकमेकांची टिंगल. मी खिडकीशी. अठरा वर्षांत माझी एकूण वाक्यं मोजली तर एका दिवाळी अंकात मावतील. पण वर रॅकवर बॅगा मी लावतो. कोणाची कोणती, उतरायच्या क्रमाने कोणती पुढे आणि कोणती मागे, हे मला पाठ आहे. दादरला उतरणाऱ्याची बॅग कुर्ला गेलं की त्याच्या मांडीवर येते, त्याला मान वर करावी लागत नाही. दसऱ्याला डबा सजवतात तेव्हा झेंडूच्या माळा दांड्यांना बांधायचं काम माझं. आरती म्हणणारे वेगळे.

अमेरिकेत शिकागोला निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी लोकल गाडीच्याच प्रवाशांवर एक प्रयोग केला होता, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. काहींना सांगितलं, शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला. काहींना सांगितलं, गप्प बसा. बाकीच्यांना म्हणाले, रोजच्यासारखं करा. लोकांचा आधीचा अंदाज होता की अनोळखी माणसाशी बोलायला लागलं तर प्रवास वाईट जाईल. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचा सगळ्यांत चांगला गेला, आणि स्वभावाने त्यात फारसा फरक पडला नाही. मुलीने हे मला वाचून दाखवलं ते खिजवायला. मी म्हटलं, या लोकांनी आमच्या गाडीत यावं आणि 'गप्प बसा'वाला गट जमवून दाखवावा.

पण खरं सांगायचं तर तो प्रयोग मला आतून लागला, कारण माझा प्रवास चांगला जातो आणि तो एकट्याने गेलेला नसतो. आईच्या आजारपणात मी तीन आठवडे गाडीला नव्हतो. चौथ्या दिवशी फोन आला. "अहो, तब्येत बरी आहे ना? इकडे बॅगांचा नुसता गोंधळ चाललाय." परत गेलो तेव्हा त्यांच्यातल्या एकाच्या फोनवर माझं नाव चुकून दिसलं. त्याने मला 'खिडकी' म्हणून ठेवलं होतं. अठरा वर्षांत मी आडनाव सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं.

पाडव्याच्या सुमाराला गावदेवी मैदानात प्रचंड रांगोळी काढतात. तिथे एकदा संध्याकाळी गेलो होतो. कितीतरी बायका-पुरुष उकिडवे बसून रंग भरत होते, एकमेकांच्या खांद्याला खांदा लागेल इतके जवळ. मैदानाबाहेर गोखले रोडचे हॉर्न, आत माणसांच्या बोलण्याचा आवाज जवळजवळ नाही. कोणी तरी हात मागे करायचं, कोणी तरी त्यात रंगाची वाटी ठेवायचं. मी कठड्याशी तासभर उभा होतो. मला वाटलं, ही माझी माणसं. आणि अर्थातच मी त्यांच्यातल्या कोणाशीही बोललो नाही.

असा सगळा सिद्धांत माझ्या डोक्यात तयार होता: अबोल माणसाला माणसं नको नसतात, त्याला हातात काहीतरी हवं असतं. काकांच्या समारंभातून परतताना रिक्षात तो मी बायकोला ऐकवला. मानपाड्याशी गाडी तुंबलेली, मेट्रोच्या खांबांखाली हॉर्न वाजत होते, वेळ भरपूर होता. पंगती कशा गेल्या, बुफेने अबोलांचं कसं नुकसान केलं, हे मी बऱ्यापैकी रंगवून सांगितलं. एवढं सलग बोललो म्हणून ती कौतुकाने ऐकत असावी असं वाटलं.

ती म्हणाली, "बायकांची पंगत शेवटची असायची ना रे?"

हो, असायची. पुरुष, मुलं, मग व्याही, आणि दुपारी तीनला घरच्या बायका. त्या पंगतीलाही आमटी मीच वाढायचो. तोवर बादली तळाला गेलेली असायची आणि तीत गरम पाणी ओतून ती कशी पुरवायची, हे काकांनीच मला शिकवलं होतं. एका बोटाने.

"आणि दुसरं," ती म्हणाली. "तू गप्प बसतोस ते ठीक आहे. पण तुझ्या वाटचं बोलणं कुठे जातं माहितीये? माझ्याकडे येतं." मग तिने मोजायला सुरुवात केली. माझ्या आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, चौकशीचा फोन तिचा. माझ्या मामेभावाची नोकरी गेली, धीर तिने दिला. माझ्या काकूला दिसायला कमी आलंय हे तिला ठाऊक होतं, मला त्या दिवशी हॉलमध्ये कळलं. "माझा स्वभाव बोलका आहे म्हणून चाललंय. पण दर वेळी हौस असतेच असं नाही. कधी कधी मलाही उलट्या दिशेने चालावंसं वाटत नाही."

मी काय म्हणणार? गप्प बसलो. मग लक्षात आलं की आता गप्प बसणं बरोबर नाही, म्हणून "हं" म्हटलं. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. त्याला माझी दया आली की तिची, सांगता येत नाही.

लहान-मोठी माणसं शतकभर सांगत आलीत की अबोल माणूस खोल असतो, विचारी असतो. असेलही एखादा. पण खोल माणसाच्या घरचे वाढदिवस कोणीतरी दुसरं लक्षात ठेवत असतं, हे मी अठ्ठावीस वर्षांच्या संसारात एकदाही मोजलं नव्हतं. माझी शांतता फुकट येते असं मी धरून चाललो होतो. तिचं बिल दर महिन्याला येत होतं, आणि ते दुसऱ्याच कोणाच्या नावावर फाटत होतं.

त्यानंतरच्या रविवारी मी फोन हातात घेतला. पहिले दोन रविवार नुसता घेतला आणि ठेवला. तिसऱ्या रविवारी आत्याला लावला, दोन मिनिटं बोललो. त्यातली पाऊण मिनिट आत्याची खात्री पटण्यात गेली, की बाकी सगळं ठीक आहे, कोणी गेलेलं नाही. आता महिना-दोन महिने झालेत आणि एक युक्ती सापडलीय. फोन स्पीकरवर टाकून ओट्याशी ठेवायचा आणि समोर काहीतरी निवडायला घ्यायचं. थंडी आहे, मटार चांगला येतोय. हात चालू असला की वाक्यं सुचतात, आणि नाही सुचली तरी शेंग मोडल्याचा आवाज जातो, समोरच्याला फोन कट झाल्यासारखं वाटत नाही. मामेभावाशी परवा चक्क वीस मिनिटं झाली. दीड किलो.

काल काकांना लावला. काका नौपाड्यातच असतात, जुनी इमारत पाडून उभ्या राहिलेल्या नव्यात, आठव्या मजल्यावर.

"हॅलो."

"हं," काका म्हणाले.

मी पाच-सहा शेंगा सोलल्या.

"काय करतोस?"

"मटार सोलतोय."

"किती?"

"किलो."

"मी मेथी निवडतोय," काका म्हणाले.

मग बराच वेळ गेला. माझ्या बाजूने शेंगांचा आवाज, त्यांच्या बाजूने वर्तमानपत्राची कुरकुर, ते मेथी पेपरावर पसरत असावेत. खाली कुठेतरी भंगारवाला ओरडत गेला, तो त्यांच्याकडचा की माझ्याकडचा कळलं नाही. त्यांच्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, कोणाचा फोन होता? ठेवला का?"

"नाही," काका म्हणाले. "चालू आहे."